ट्रेलर ओढण्यासाठी घेतलेली जुनी फॉर्च्युनर

नागपूरच्या चहूबाजूंना जंगल आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा आणि थोडे लांब मेळघाट ही सगळी ठिकाणे सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येतात. प्रश्न असतो मुक्कामाचा. हंगामात प्रवेशद्वारांजवळची रिसॉर्ट परवडत नाहीत, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सत्तरीच्या आईला तंबूत झोपवणे आम्हाला पटत नव्हते. म्हणून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेला, एका आसाचा छोटा ट्रेलर आम्ही बनवून घेतला. मोटारहोमपेक्षा, म्हणजे गाडीतच घर असलेल्या वाहनापेक्षा, ट्रेलर आम्हाला सोयीचा वाटला, कारण तो मुक्कामाच्या जागी सोडला की गाडी मोकळी होते. पहाटे पेंचच्या सिल्लारी किंवा ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पोहोचायचे असेल तर सगळे घर आवरून निघावे लागत नाही, आणि एरवी तीच गाडी नागपुरात रोजच्या कामाला येते.

ट्रेलर ठरल्यावर तो ओढणारी गाडी कोणती, याचा शोध सुरू झाला आणि त्यात बरेच महिने गेले. अलीकडच्या बहुतेक एसयूव्ही मोनोकॉक असतात, म्हणजे त्यांची बॉडी हीच त्यांची चौकट असते. त्या शहरात आरामदायी असल्या तरी मागे सतत टनभर वजन ओढायचे असेल तर खाली स्वतंत्र लॅडर चेसिस, म्हणजे शिडीच्या आकाराची लोखंडी चौकट, असलेली गाडी मला अधिक भरवशाची वाटते, कारण हिचचे, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचे, ब्रॅकेट थेट जाड लोखंडी चेसिसला बोल्टने आवळता येते. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात अशा मोजक्याच आहेत : सफारी स्टॉर्म, स्कॉर्पिओ, इसुझू एमयू-एक्स, फोर्ड एंडेव्हर आणि टोयोटा फॉर्च्युनर. ३.२ लिटरची पाच सिलिंडरची एंडेव्हर मला मनापासून आवडली होती. २०० पीएस शक्ती आणि ४७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, असलेले ते इंजिन जणू या कामासाठीच घडवले होते. परंतु फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. गाडी पुढची सात-आठ वर्षे ठेवायची असल्याने सुट्या भागांचा विचार करून आम्ही २०१७ सालची २.८ लिटर, ४x४, ऑटोमॅटिक फॉर्च्युनर घेतली. नवी घेण्याचा प्रश्नच नव्हता. ती रस्त्यावर येईपर्यंत चाळीस लाखांच्या पुढे जाते, आणि एवढे पैसे गाडीत घातल्यावर ट्रेलरसाठी काही उरले नसते.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. मात्र तिकडची एनओसी, इकडचा कर, नव्या नोंदणीसाठी आरटीओच्या फेऱ्या आणि मुख्य म्हणजे आधीच्या मालकाशी समोरासमोर बोलता न येणे, हे सगळे मोजले की बचत बरीच आटते. आम्ही एमएच ३१ ची, म्हणजे नागपूरचीच, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेल्या गृहस्थांची गाडी घेतली. थोडे पैसे जास्त गेले, परंतु कुठल्या वर्षी काय बदलले याची फाइलच हातात आली.

जुनी मोठी गाडी ओढण्यासाठी पाहताना नजर वेगळ्या ठिकाणी जायला हवी. सीट, स्क्रीन, रंग या गोष्टी नंतर पाहता येतात. आधी गाडी उचलून खालून पाहावी. मुंबई-कोकणात वापरलेल्या गाडीच्या चेसिसच्या जोडांवर गंज धरलेला असतो आणि तिथेच पुढे हिचचा सगळा ताण येणार असतो. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग धुतलेला असला तरी गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. आधीच्या पिढीची ३.० लिटरची फॉर्च्युनर पाहत असाल तर तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो दीड लाख किलोमीटरच्या सुमारास बदलल्याची पावती मागून घ्यावी. २.८ च्या इंजिनात चेन आहे, त्यामुळे तो खर्च वाचतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल 'हे आयुष्यभर पुरते' असे अनेक जण सांगतात, परंतु ओढण्याच्या कामात ते मानू नये. चढावर, कमी वेगात, जड वजनाखाली टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) तेलाला तापवतो आणि तापलेले तेल लवकर निकामी होते. आम्ही गाडी हातात येताच पहिले काम तेल बदलण्याचे केले आणि आता दर ४०,००० किलोमीटरला ते बदलतो.

या सगळ्या शोधात मला सर्वांत मोलाचे वाक्य ऐकायला मिळाले ते नागपूरजवळच्या वाडी इथल्या एका गॅरेजमध्ये. मी फॉर्च्युनरच्या ४५० न्यूटन-मीटर टॉर्कचे कौतुक करत असताना, ट्रकांच्या कामात आयुष्य घालवलेले मिस्त्री चाक काढता काढता म्हणाले, "वढाले त कोनतीबी गाडी वढते, भाऊ. थांबते का नाई थे पाहा."

गाडीची ओढण्याची क्षमता शक्तीवर ठरते असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात ती ब्रेक, शीतकरण आणि मागच्या आसावर पेलवणारा भार यांवर ठरते. ऑस्ट्रेलियात २.८ च्या फॉर्च्युनरला ब्रेक असलेला ट्रेलर तीन टनांच्या आसपास ओढण्याची मुभा आहे, पण ब्रेक नसलेला ट्रेलर फक्त ७५० किलोपर्यंत. गाडी तीच, इंजिन तेच, आणि फरक चौपट. युरोपातही ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमचा ट्रेलर भरल्यावर याहून जड होणार हे दिसत होते, म्हणून आम्ही त्याला ओव्हररन ब्रेक बसवून घेतले. याची रचना साधी आहे. गाडीने वेग कमी केला की मागून येणारा ट्रेलर कप्लरवर, म्हणजे गाडीच्या हिचवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, रेटा देतो, कप्लरमधला दांडा मागे सरकतो आणि तोच दांडा ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. त्यासाठी गाडीतून वेगळी तार लागत नाही. शिवाय एक बारीक पोलादी केबल गाडीला अडकवलेली असते. हिच निसटलाच तर ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लावते. बॉल, म्हणजे हिचवरचा ज्यावर कप्लर बसतो तो गोळा, आणि कप्लर एकाच मापाचे असावेत याकडेही लक्ष द्यावे. ५० मिलिमीटरचा बॉल आणि अमेरिकी पद्धतीचा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, हे डोळ्यांना सारखेच दिसतात, परंतु एकाचा कप्लर दुसऱ्यावर नीट बसत नाही.

वजनाचा अंदाज करू नये, ते मोजावे. कळमना बाजाराच्या परिसरात धर्मकाटे, म्हणजे भरलेली वाहने तोलण्याचे मोठे काटे, आहेत. तिथे संत्र्याच्या आणि धान्याच्या गाड्यांच्या रांगेत आम्ही आपली गाडी उभी केली. आधी कुटुंबासह आणि भरलेल्या ८० लिटरच्या टाकीसह फक्त गाडी मोजली, मग फक्त ट्रेलर, आणि शेवटी दोन्ही जोडून गाडीची मागची चाके. ट्रेलर बनवणाऱ्यांनी रिकाम्या ट्रेलरचे वजन ९०० किलो सांगितले होते, आणि काट्यावर भरलेला ट्रेलर ११६० किलो आला. वाढलेल्या २६० किलोंपैकी ८० किलो एकट्या पाण्याचे होते. उरलेले गाद्या, भांडी, बॅटरी, गॅस, खुर्च्या आणि आईची आरामखुर्ची यांचे. नंतर एकेक वस्तू हातात घेऊन विचार केला तेव्हा निम्म्या भांड्यांची गरज नव्हती.

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे असते ते बॉलवर खाली येणारे वजन. ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के भार बॉलवर असावा, असा ढोबळ नियम आहे. आमच्यासाठी तो ११५ किलोच्या आसपास यायला हवा. धर्मकाट्याची सर्वांत बारीक नोंद दहा किलोची असल्याने तिथे हे नीट कळत नाही. त्यासाठी घरातला वजनकाटा सपाट जमिनीवर ठेवला, त्यावर कप्लरच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा केला, ट्रेलरच्या चाकांना उटी लावली आणि पुढचे जॉकी व्हील (टेकूचे छोटे चाक) हळूहळू वर घेत कप्लर ठोकळ्यावर टेकवला. पाण्याची टाकी रिकामी असताना आणि भरलेली असताना असे दोनदा मोजले. आमची टाकी आसाच्या मागे आहे, त्यामुळे ती भरली की मागची बाजू खाली दबते आणि बॉलवरचा भार कमी होतो. म्हणून बॅटरी आणि सगळे जड सामान आसाच्या किंचित पुढे घेतले, आणि आता पाणी मुक्कामाच्या जवळ पोहोचल्यावरच भरतो.

हा भार कमी पडला की ट्रेलर डोलू लागतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसरच्या पुढे मोठा कंटेनर शेजारून वेगाने गेला की हवेचा लोट आधी ट्रेलरला ढकलतो आणि मग ओढतो. वजन नीट विभागलेले असेल तर ट्रेलर एकदा हलून शांत होतो. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. अशा वेळी जोरात ब्रेक मारणे सर्वांत घातक. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडीला आपोआप मंदावू द्यावे. मी ट्रेलर जोडलेला असताना ७० च्या वर जात नाही. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६० ऐवजी ८० ने निघालेल्या गाडीला थांबायला पावणेदोन पटींहून अधिक काम ब्रेकला करावे लागते. समृद्धी महामार्गावर इतर गाड्या १२० ने धावत असताना असा संथ ट्रेलर घेऊन जाणे मला सुरक्षित वाटत नाही. त्या बाजूला जायचे असेल तर आम्ही जुना अमरावती रस्ता धरतो. वेळ लागतो, पण थांबायला जागा आणि चहाला टपरी मिळते.

आपल्या उन्हाचा वेगळा विचार करावाच लागतो. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि दर वर्षी ४४-४५ तर होतेच. डांबर आणि काँक्रीट त्याहून खूप जास्त तापतात. ट्रेलरची चाके वर्षातून बरेच महिने एकाच जागी उभी असतात, त्यामुळे झिजण्याआधीच त्यांचे रबर म्हातारे होते. टायरच्या कडेला लंबवर्तुळात छापलेले चार अंक वाचावेत. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर मी ट्रेलरला ठेवत नाही. हवा पहाटे, टायर थंड असताना भरावी. दुपारी टायर तापून दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक तापतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी पाचला निघून दहाच्या आत पोहोचतो.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना इंजिनाची चिंता कधी वाटली नाही. १६०० आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क मिळतो आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. लक्ष द्यावे लागते ते उतरताना. घाट सुरू होण्याआधीच गिअर हाताने दुसऱ्यावर आणावा, इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यावी आणि ब्रेक थोडा वेळ लावून पूर्ण सोडावा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर अर्ध्या घाटातच जळका वास येतो, आणि त्यानंतर ब्रेकचा भरवसा धरता येत नाही.

कागदपत्रांबाबत एवढेच सांगतो की मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हाही मोटार वाहनातच मोडतो. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि विमाही लागतो. 'गाडीचा विमा आहे ना, मग झाले' हे पुरेसे नाही. गाडी ट्रेलर ओढते, हे पॉलिसीत लेखी नोंदवून घ्यावे. हिच बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, आणि फॅब्रिकेटरकडे ट्रेलर बनवायला देण्याआधी त्याच्या आराखड्यावर नोंदणी मिळेल का याची खात्री करावी. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ही फार चांगली गोष्ट झाली. विदर्भातल्या जंगलांजवळ वीज, पाणी आणि मैला रिकामा करण्याची सोय असलेल्या जागा वाढाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडीची लांबी ४.८ मीटर, आणि ट्रेलर जोडल्यावर सगळा संच दहा मीटरच्या आसपास जातो. तो आमच्या गल्लीत मावणार नाही, म्हणून ट्रेलर काटोल रोडवर काकांच्या शेतात शेडखाली असतो. मागे घेणे शिकायला बेसाकडच्या रिकाम्या लेआउटचा फार उपयोग झाला. स्टिअरिंग खालच्या टोकाला धरले की ज्या बाजूला हात न्यावा त्याच बाजूला ट्रेलरची मागची बाजू वळते. हे एकदा हातात बसले की उरते ते फक्त हळू जाणे आणि मागे उभ्या राहिलेल्या पत्नीच्या हाताकडे पाहणे.

खर्चाचे म्हणाल तर ट्रेलरशिवाय लिटरला ११-१२ किलोमीटर देणारी गाडी ट्रेलरसह सात-साडेसात देते. ब्रेक पॅड, तेल आणि टायर नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागतात. म्हणून जुन्या गाडीच्या किमतीच्या किमान दहा टक्के रक्कम पहिल्याच वर्षी तिच्यावर खर्च करायची तयारी ठेवावी, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो. आमच्या गाडीच्या नोंदणीला २०३२ मध्ये १५ वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी फिटनेस, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पुढे चालवायची की बदलायची, हे चेसिसची आणि गिअरबॉक्सची अवस्था पाहून ठरवू. तोपर्यंत सर्व्हिसची प्रत्येक पावती आधीच्या मालकांनी सुरू केलेल्या त्याच फाइलमध्ये लावतो आहे.