तुम्ही विचारलंत म्हणून: काळजी वाटत नाही काय?

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसलं की कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, तुम्हाला काळजी वाटत नाही काय हो? एवढ्या शांत कशा बसता?" गेल्या आठवड्यात खानापूरच्या स्टँडवर पण एकीने विचारलं आणि नेमकी बस आली, उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आज नीट लिहिते.

काळजी वाटते. खूप वाटते.

आमच्या ह्यांच्या किडन्या २०१८ साली गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास मशीनवर. आमचं गाव खानापूर तालुक्यात आत, बेळगावला यायचं तर दोन बस. पहाटे उठलं की पहिलं काम ह्यांच्या डाव्या हाताला हात लावून बघायचं, तिथं फिस्टुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी जोडून मशीनसाठी वाट केलेली असते, तर त्या जागी बोटाखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे, थरथर लागली म्हणजे रक्त वाहतंय, थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. नर्सने शिकवलंय. मी त्या थरथरीवर बोट ठेवूनच प्रार्थना करते. गुडघे टेकायला सकाळी वेळ कुठला.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ना, लहानपणापासून तोंडपाठ, पण ती 'रोजची' आहे हे मला ह्यांच्या आजारपणात कळलं. सहा महिन्यांची भाकर दे असं त्यात नाहीच. आणि बायबलात निर्गमच्या १६ व्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं खाणं, पडतो तो पण तसाच, रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट, बाकी कोणी उद्यासाठी म्हणून ठेवला की त्यात किडे. मी रात्री दोन वाजता नेमकं तेच करत होते. ट्रान्सप्लांटला पैसे कुठून, भाताचं शेत कोण बघणार, पोरीचं लग्न... सगळं रात्रीच गोळा करून ठेवायचं आणि सकाळी त्याला वास.

आता वाटेल की ही पहिल्यापासून अशी विश्वासातली. नाही. पहिले चार महिने मी चर्चला गेलेच नाही. घरातली गुरुवारची प्रार्थना बंद केली, देवावर राग होता, आणि तो राग खरा होता, त्याची मला आता लाज वाटत नाही. चर्चमधल्या बायका घरी आल्या त्यांनी एक वचन सांगितलं नाही. एकजण सरळ स्वयंपाकघरात गेली, बटाटे सोलून बारीक चिरून पाण्यात घातले. किडनीच्या पेशंटला बाधणारं पोटॅशियम कमी व्हायला बटाटा असाच भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं असतं, मला ते सांगितलं होतं पण डोक्यात राहिलं नव्हतं, आणि ही बाई स्वतः जाऊन विचारून आलेली. त्या दिवशी मी खूप रडले. पुढच्या रविवारी चर्चला गेले. (ख्रिश्चन असून मराठीत प्रार्थना कशी, असंही काहीजण विचारतात. अहो, मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावातच जन्मले, आयुष्यभर मराठीतच लिहीत राहिले. आमची भाषा दुसरी कुठली असणार?)

मग २०१९ चा ऑगस्ट आला. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगवते, पाऊस लागला की सगळ्यात आधी आमच्याकडे. रस्ता पाण्याखाली, बुधवारची टर्न चुकली. टर्न चुकली की अंगात पाणी साठतं, म्हणून ह्यांनी अख्खा दिवस अर्धा पेला पाण्यावर काढला, ओठ सुकलेले. मी रात्री मार्कचा ४ था अध्याय काढला, वादळातली नाव, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून विचारतात की आम्ही बुडतोय, तुला काळजी नाही काय? म्हणजे तुम्ही मला विचारता तोच प्रश्न! तोवर मी हे कितीवेळा वाचलं असेल, पण नावेत पाणी शिरत होतं तेव्हा तो काठावर नव्हता, त्याच नावेत होता, हे त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. मी बायबल मिटलं आणि झोपले. खरंच झोप लागली.

पाऊस थांबला नाही. शुक्रवारी गल्लीतल्या पोरांनी ट्रॅक्टरवरून आम्हाला मेन रोडपर्यंत सोडलं, ह्यांना धाप लागलेली, पोचलो तेव्हा डॉक्टर बोलले की अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. प्रभूने पूर ओसरवला अशी साक्ष मला देता येणार नाही. आणि प्रार्थना करते म्हणून औषध किंवा टर्न कधी चुकवलेली नाही, कोणी चुकवूही नका. पण त्या रात्रीपासून मी उद्याचं मागणं सोडलं, आजचं मागते. ज्या दिवशी विसरते त्या दिवशी परत रात्री दोन वाजता जागी असते.

परवा वॉर्डाबाहेर बैलहोंगलकडची एक म्हातारी अव्वा शेजारी बसली, मुलाची पहिलीच टर्न. मी माझ्या मोडक्या कन्नडात "चिंती माडब्याडरी", काळजी करू नका, म्हटलं तर ती जास्तच रडायला लागली. मग म्हणाली, तुम्ही प्रार्थना करता ना, करा. मी मराठीत सुरू केली, भाकर या शब्दाला अडखळले, म्हटलं हिला कळणार नाही, म्हणून "रोट्टी" म्हटलं. तिने मान हलवली. नंतर डोळे पुसून पिशवीतला डबा उघडला, जोंधळ्याची रोट्टी आणि शेंगाचटणी, अर्धी मोडून माझ्या हातात दिली.