रोडकिंगचं गिअर ऑइल नेमकं जात होतं कुठे, ते एकदाचं सापडलं

मंडळी, माझी येझदी रोडकिंग, जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, गिअर ऑइल पिऊन धूर काढत होती. त्याचा चोर सापडला, आणि तो डावं क्रँक सील नाही (म्हणजे क्रँकच्या डाव्या टोकाभोवतीची रबरी चकती, जी गिअरबॉक्सचं तेल इंजिनात येऊ देत नाही). मागच्या वेळी इथे विचारलं तेव्हा "डावं सील, डोळे झाकून सांगतो" म्हणणाऱ्या सगळ्यांकडे माझी एकेक मिसळ लागू झाली आहे. पाव जादा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. येझदी रोडकिंग, इंजिनला दोन्ही सील नवी, तरीही पांढरा धूर. घट्ट पांढरा, टू-टीचा (पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचा) निळसर नाही, आणि वासही जळक्या गिअर ऑइलचा. दांडीवर पातळी उतरलेली, पण खाली फरशीवर एक थेंब नाही. काही दिवस उभी ठेवली की पहिल्या किकला अख्खी गल्ली गायब. कसारा घाटात तर कमाल. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आलो की क्रँक चेंबरमध्ये (पिस्टनखालच्या बंद पोकळीत) ओढ वाढते, जिथून जे मिळेल ते आत खेचलं जातं, आणि खाली येऊन थ्रॉटल उघडला की मागच्या ट्रकवाल्याला आपण दिसेनासे होतो. लक्षणं सगळी डाव्या सीलचीच होती, त्यात शंका नाही. उजवं सील गेलं असतं तर नुसती हवा खेचली असती, स्लो (आयडलिंग) चढून बसला असता आणि त्या बाजूच्या डायनामोत टू-टीचा चिकटा दिसला असता. तो भाग कोरडा ठणठणीत.

नाशिकच्या भद्रकालीतले मेकॅनिक चाचा म्हणाले, "नवं सील पण फाटकं निघतं, अजून एक टाक." निघतं हे खरं. येझदीच्या नावाने जी सील पाकिटात मिळतात त्यांतल्या काहींची स्प्रिंग इतकी ढिली असते की सीलची आतली कड, म्हणजे ओठ, शाफ्टला टेकतो की नाही याचीच शंका. पण अंदाजाने इंजिन परत परत उघडायचं आता पुरे. या वेळी आधी प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून ती कुठून सुटते ते पाहणं), मग पाना.

साहित्य सगळं घरातलं. आईचं जुनं बीपीचं यंत्र, घड्याळवालं. त्याचा काटा 300 पर्यंत नेला की सहा पीएसआयच्या जवळपास होतं, आणि टू-स्ट्रोकच्या चेंबरला एवढंच हवं. कॉम्प्रेसर लावू नका, चांगली सील उलटी कराल. जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती फोडून काढली, त्या बॉडीत नळी बसवली. दोन्ही एक्झॉस्टची भोकं रबरी बुचांनी बंद केली: बुचात बोल्ट, दोन्हीकडे वॉशर, नट आवळला की बूच फुगतं. कार्बोरेटरच्या जागी पत्रा आणि ट्यूबचं रबर. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पिस्टन अगदी खाली आणायचा. तेव्हाच ट्रान्सफर पोर्ट (खालच्या चेंबरमधून सिलेंडरमध्ये येणाऱ्या वाटा) उघडे असतात आणि प्लगच्या भोकातून मारलेली हवा खालच्या चेंबरपर्यंत पोचते. पिस्टन वर असेल तर तुम्ही नुसतं हेड तपासताय.

काटा 300 वर. बघता बघता 200. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मग गिअर ऑइल ओतायच्या भोकावर रबरी हातमोज्याचं बोट रबरबँडने बांधलं. ते लोळत पडलेलं बोट सावकाश उठून उभं राहिलं. त्या क्षणी इतका आनंद झाला की घरच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. हवा गिअरबॉक्समध्ये जाते हे नक्की झालं. डावं कव्हर, प्रायमरी चेन, क्लच, स्प्रॉकेट काढून सीलला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही, ओठाला नाही आणि बाहेरच्या कडेलाही नाही. काटा मात्र उतरतोच आहे. पेट्रोल पाइपचा तुकडा एका टोकाने कानाला, दुसऱ्या टोकाने गिअरबॉक्समध्ये फिरवला तर मागे, खालच्या अंगाला बारीक सुं-सुं ऐकू आलं.

केस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, उघडली. येझदीची केस उभी दुभागते, त्यामुळे क्रँक चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली भिंतसुद्धा त्या जोडावरच येते. बाहेरून ना दिसते, ना तिथून गळलेलं कधी जमिनीवर येतं. त्या भिंतीच्या तोंडावर नखाला लागेल अशी तिरकी खाच होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कुठल्या तरी काळात कुणीतरी जोडाला लावलेलं, वाळलेलं शेलॅक (लाखेचं सोल्यूशन) खरवडताना पटाशी घसरवली आहे. शिवाय खाच तेलाच्या पातळीखाली, म्हणजे गाडी उभी असतानाही तेल झिरपत राहणार.

इतकी वर्षं धूर का नव्हता, याचं उत्तर त्याच खाचेत होतं. सिलिकॉनचा फुगलेला, भुसभुशीत तुकडा. आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने ती सिलिकॉनने बुजवली होती. क्रँककेसला आणि सिलेंडरच्या खालच्या पॅकिंगला सिलिकॉन लावू नका, हे मी परत परत सांगत राहणार. पेट्रोलात ते फुगतं, सुटतं, आणि सुटलेला तुकडा कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. पेट्रोल सहन करणारं, पूर्ण न वाळणारं सोल्यूशन घ्या आणि पातळ लावा. दाबल्यावर बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही निघतं.

आता दुरुस्ती. पहिला बेत होता अंबडला नेऊन टिग वेल्डिंग करून तोंड मिलिंग करायचं. वेल्डरने केस हातात घेऊन वास घेतला आणि मान हलवली. चाळीस वर्षं तेल प्यायलेलं कास्टिंग, तापवलं की छिद्रांतून तेल उकळून वर येणार, वेल्ड स्पंजासारखा होणार. वर केस वाकण्याची भीती. नुसतं घासून खाच घालवावी म्हटलं तर दोन भाग तेवढे जवळ येणार आणि क्रँकचा एंड प्ले (आडवी किंचित मोकळीक) जाणार. सातपूरच्या ज्या टर्नरकडून मी बुश करून घेतो तो म्हणाला, "दादा, दात भरतात तसं भरा की." पटलं. खाच पेट्रोलने, मग थिनरने धुतली, हीट गनने तापवून आतलं तेल बाहेर काढलं, परत धुतली, पुसलेलं फडकं पांढरं येईपर्यंत. मग ॲल्युमिनियम भुकटीचं इपॉक्सी. नेहमीचं नळाला लावायचं लुकण नाही, उष्णता आणि इंधन सोसणारं. पक्कं झाल्यावर जाड काचेवर चारशे नंबरचा पेपर ठेवून फक्त भरलेला भाग तोंडाच्या पातळीत आणला. मार्किंग ब्लू (ठसा पाहायचा निळा रंग) लावून पाहिलं, सगळीकडे सलग ठसा.

इंजिन टेबलावर जोडून पुन्हा बीपी यंत्र लावलं. काटा 300 वर. चहा केला, प्यायलो, कप धुतला. काटा हलला असेल तर केसभर. हातमोज्याचं बोट आडवं ते आडवंच.

बाकीच्या गळत्यांचं थोडक्यात. किक शाफ्टची ओ-रिंग बदलल्यापासून ती बाजू कोरडी आहे. शाफ्टवरचा गंज घासून काढल्याशिवाय ओ-रिंग टिकत नाही, नुसती रिंग दोषी नसते. सायलेन्सरच्या जोडातून ओघळणारं काळं तेल मी गळती मानतच नाही. ते न जळलेलं टू-टी, शालिमार ते कॉलेज रोड एवढीच फिरवली की साचणारच. त्र्यंबक रोडला नेऊन जरा ताणा.

तेलाबद्दल बरेच जण विचारतात. गिअरबॉक्सला मिनरल 20डब्ल्यू-50, डब्यावर जासो एमए (तेलात बुडणाऱ्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) पाहून. क्लच त्याच तेलात बुडतो, त्यामुळे कारचं घर्षण कमी करणारं तेल घातलं की क्लच घसरतो. 90 नंबरचं जीएल-5 (जाड गिअर तेल) तर नकोच, त्यातलं गंधकाचं रसायन पितळ आणि ब्राँझच्या बुशांना खातं. पेट्रोलमध्ये जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं टू-टी, लिटरला 40 मिली, म्हणजे 1:25. बोटींसाठीचं टीसी-डब्ल्यू3 स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. आणि "सुरक्षित असू दे" म्हणून 60 मिली ओतणाऱ्यांनो, जास्त तेल म्हणजे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) तेवढं पेट्रोल कमी. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि जे टाळायचं तेच घडतं, इंजिन तापून जाम होतं.

हे लिहिता लिहिता एक वेगळाच विचार आला. इंजिन उद्या फ्रेममध्ये चढवणार होतो, पण आता थांबतो. पंपावर सगळीकडे ई-20 (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, आणि आत्ता घातलेली सील साध्या नायट्राइल रबराची. इथेनॉलने ती मऊ पडणार, मग पुन्हा हाच उद्योग. केस इतकी छान बसली आहे तोवरच दोन्ही सील व्हिटॉनची (इंधन सोसणाऱ्या रबराची) घालावीत. सीलसाठी केस पुन्हा उघडणार नाही. डावी बाजू नाहीतरी मोकळीच आहे, बाहेरूनच काढेन. क्रँकवर जुन्या ओठाची बारीक रेघ पडली आहे, म्हणून नवं सील मिलिमीटरभर बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा विचार आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस आहे, तोवर रनिंग-इन उरकायला हवं.

तर कुणाला त्या मापाची व्हिटॉन सील सुटी देणारा माणूस माहीत असेल तर कळवा. मुंबईच्या एका दुकानदाराने पन्नास नगांच्या खाली देत नाही म्हणून सांगितलं. पंचवीस जण तयार असतील तर तेही घेऊ, प्रत्येकी एक जोडी.