पाय का बुडतात?

सांगलीत कृष्णेच्या घाटावर उन्हाळ्यात हमखास दिसतं: तालमीतला पिळदार गडी चार हात मारून दमतो, आणि पोट सुटलेले काका पाठीवर निवांत तरंगतात. पाण्याची घनता १ धरली तर चरबीची साधारण ०.९, स्नायूंची १.०६. पण तरंगणं म्हणजे वेग नव्हे. रुंद अंगाला पाणी जास्त अडवतं, आणि वेग दुप्पट केला की हा अडथळा जवळपास चौपट होतो.

पिळदार पोरांची खरी अडचण पायांची. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती वर राहते, वजनाचा मध्य मात्र बेंबीच्या आसपास; म्हणून मांड्या खाली जातात, अंग तिरकं होतं. त्यात श्वासासाठी मान वर उचलली की कंबर आणखी बुडते. नजर तळाकडे ठेवा, छाती पाण्यात किंचित खाली दाबा. श्वास घेताना मान फक्त कुशीला वळवा, एक डोळा पाण्यातच राहू दे. पाय गुडघ्यातून नको, खुब्यातून मारा.

उंची, लांब हात हे उपजत: ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स १९३ सेंटिमीटर उंच, हातांचा पसारा २०१. पाय मारायला लागणारी घोट्याची लवचिकता मात्र कमावता येते. रोज दोन मिनिटं वज्रासनात बसा. गुडघा दुखत असेल तर टाळा.