तुम्ही विचारलंत म्हणून: तो कागद मी आरोपीला का दिला

"मॅडम, सरकारी वकील असून आरोपीच्या हातात कागद का दिलात?" कोल्हापुरात बावड्याला कोर्टात विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत विचारतात, माझा सख्खा भाऊ पण विचारतो. तर एकदाच लिहिते.

केस अशी. एका बाईंचं मंगळसूत्र हिसकावलेलं, आरोपी फुलेवाडीचं वीस वर्षांचं पोरगं, जामीनदार मिळेना म्हणून कळंबा जेलमध्ये. सगळी केस एका पंचनाम्यावर उभी, की संध्याकाळी सहा दहाला त्यानं घरातल्या पत्र्याच्या डब्यातून मंगळसूत्र काढून दिलं. आणि पोलिसांच्या फाइलमध्ये मला पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीची, म्हणजे कोण कधी कुठं ड्युटीवर त्या नोंदवहीची, झेरॉक्स सापडली, चुकून राहिलेली. पंचनाम्यावर ज्याची सही तो अधिकारी दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत महाद्वार रोडला बंदोबस्ताला. दिवस अनंत चतुर्दशीचा. त्या दिवशी तिथनं पोलीस हलतो का हो, कोल्हापूरकरांनी तरी सांगा!

मी कागद परत फाइलमध्ये घातला. हो, घातला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ प्रमाणे चार्जशीटबरोबरचे कागद आरोपीला मिळालेत, हा त्यात नाही, समोरच्या वकिलानं मागितलाही नाही, मग मी का द्यायचा, असं मीच मला समजावलं आणि चार तारखा गेल्या. अडीच महिने. माझ्या डायरीत चार ओळी, त्याला मात्र कळंबा. दर तारखेला त्याची आई बाहेर बाकावर असायची, मी दिसले की नमस्कार करायची.

पाचव्या तारखेला अधिकाऱ्याची साक्ष. आदल्या दिवशी त्याला कागद दाखवला. "आवो मॅडम, चोर त्योच हाय की, टायमाचं काय घिऊन बसलाय?" चिडला पण नाही, तेच मला जास्त लागलं. सकाळी कागद अर्जासोबत कोर्टात दाखल केला, एक कॉपी समोरच्या वकिलाला.

गद्दारी म्हणता? अमेरिकेत १९६३ ला ब्रॅडी खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा त्यानं मागूनही सरकारी पक्षानं दडपला तर तो अन्यायच, दडपणाऱ्याची नियत कशीही असो. आपल्याकडं २०२२ ला मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात आलं की तपासात गोळा केलेलं पण खटल्यात न वापरलेलं जे असेल त्याची यादी आरोपीला द्या. माझी केस त्याच्या आधीची. म्हणजे मला लपायला जागा होती, आणि अडीच महिने मी लपलेच होते.

पोरगं सुटलं. मंगळसूत्र मात्र त्या बाईंचंच होतं, डाग दिलेल्या कडीवरून त्यांनी ओळखलं. मग पोरानंच नेलं असेल? असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते कुठं सापडलं हे ज्यानं सांगायचं त्यानंच खोटं लिहिलं, आता विचारू कुणाला?

निकालाच्या दिवशी बाई जिन्यात भेटल्या. "पोरी, तू माझी वकील हुतीस न्हवं?"

मी हो म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, कठडा धरून खाली उतरल्या.