शॉकमधला रुग्ण आणि सलाइनची पुढची बाटली

सोयाबीन काढणीच्या दिवसांत विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात ताप, धाप आणि पडलेलं बीपी (म्हणजे शॉक) घेऊन येणाऱ्यांत स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जंतुताप, डोक्यात ठेवावाच लागतो. काखेत, जांघेत विडीनं पोळल्यागत काळा डाग दिसला की डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू. सलाइनचं गणित एवढं सरळ नाही.

सुरुवातीचा हिशेब ठरलेला: किलोमागे ३० मिली, पहिल्या ३ तासांत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला रिंगर लॅक्टेट या सलाइनच्या ५०० मिलीच्या ३ बाटल्या. मी त्या सलग सोडत नाही. एक बाटली अर्ध्या तासात, मग तपासणी, मगच पुढची. या आजारात रक्तवाहिन्या गळतात, जादा पाणी फुप्फुसात उतरतं, आणि व्हेंटिलेटर तिकडे नागपूरला.

कातडीपर्यंत रक्त पोचतंय का, ते तपासायचं बोटावर. उजव्या तर्जनीच्या पेरावर काचेची स्लाइड कातडी पांढरी पडेपर्यंत दाबायची, १० सेकंद तशीच धरायची, सोडून सेकंद मोजायचे. ३ सेकंदांत रंग परतला तर बाटल्या बंद. बीपी तरीही पडलेलंच असेल तर ते काम नॉरअ‍ॅड्रेनलिनचं, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणाऱ्या औषधाचं. कूलरची हवा हातावर येत असली की आकडा खोटा येतो, हात आधी पांघरुणात घ्या.

रंग उशिरा परतला तर पाय उचलून बघतो: पायातलं रक्त हृदयाकडे आलं की बीपी सुधारतं का, म्हणजे आणखी सलाइनचा उपयोग होईल का. पाठ ४५ अंशांवर, मग धड सपाट आणि पाय ४५ अंश वर. हे कॉटच्या हँडलनंच करावं. नातेवाइकांनी पाय ओढले की दुखतं, नाडी वाढते, निकाल बिघडतो. मिनिटाभरात वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर ३० वरून ३५ च्या पुढे गेलं तर आणखी एक बाटली. हातानं घेतलेल्या बीपीत २ अंकांच्या फरकाला अर्थ नाही. श्वास वाढला, पाठीला खाली करकर ऐकू आली, ऑक्सिजन उतरला, की थांबायचं. ‘साहेब, एक बाटल आणखी लावून द्या ना’ हे तेव्हाच ऐकू येतं.

नॉरअ‍ॅड्रेनलिन ४ मिलीग्रॅम, ५०० मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. अँप्युलवरची मात्रा बेसची (मूळ औषधाची) की बायटार्ट्रेटची (त्याच्या क्षाराची), ते वाचा. २ मिलीग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलीग्रॅम बेस. हिशेब बेसचा. मायक्रोड्रिपचे (१ मिलीला ६० बारीक थेंब सोडणारी नळी) मिनिटाला ३८ थेंब म्हणजे मिनिटाला सुमारे ५ मायक्रोग्रॅम. सुई कोपराखालच्या जाड शिरेत, मनगटावर नको. औषध बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते. १०८ च्या गाडीत चढवताना नळीवरचा थेंब कमी-जास्त करणारा रोलर सरकतो, गाडी निघण्याआधी थेंब पुन्हा मोजा.