गच्चीवर वाळत घातलेली भुतं

आज दिवसभर लोकर रंगवत होते. विणकामाच्या ग्रुपसाठी कोकणातल्या भुतांच्या लड्या करायचं खूळ माझंच.

पहिला गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, तेव्हा शेवाळी हिरवा हवाच. लडी आधी निळीत बुडवली. बाहेर काढताना ती पिवळट-हिरवी असते, हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. कितीही वेळा पाहिलं तरी तिथं हात थांबतोच! मग हळदीचं पाणी दिलं. हळद उन्हात उडते, म्हणजे हा गिऱ्हा हळूहळू परत निळा होणार. तक्रार चालणार नाही, भूत आहे ते. आणि साबण लावाल तर लाल डाग पडतील, आधीच सांगून ठेवते.

गोव्याचा देवचार मात्र राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याला भडक रंग शोभत नाही. हिरड्याच्या काढ्यात लोकर उकळली आणि वर गंजलेल्या खिळ्यांचं पाणी ओतलं. काळपट राखाडी आला, अगदी हवा तसा. वास मात्र असा की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, काय जळलं म्हणून.

आता राहिली जखीण. सवाष्ण गेलेली बाई, म्हणून मी मंजिष्ठा नि तुरटीचा कुंकवासारखा लाल धरून बसलेय. आई म्हणते, हिरवा चुडा पण पाहिजे. दोन्ही एका लडीत कसं बसवू? सुचवा बघू.