परत पोट!

दुपारपासून पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, तोंड आलंय, अंगात त्राण नाही. आणि खाल्लं काय? ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी. सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान होऊन चार वर्षं झाली, गव्हाचा कणही घरात नाही.

हिंग? तो धडा पहिल्याच वर्षी शिकले. बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, हे कुणी सांगतच नाही हो! तेव्हापासून तांदळाच्या पिठातला आणते. गिरणीत गव्हावरच ज्वारी पडते म्हणून घरघंटी घेतली. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' म्हणजे किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमच्या आत, तेही पाठ आहे.

संध्याकाळी सासूबाई सहज म्हणाल्या, "परवा गिरणी बंद होती ना, वरच्या काकू आपल्याकडे दळून गेल्या."

"काय दळलं?"

"भाजणी गं. थालीपिठाची."

भाजणीत वाटीभर गहू असतोच. घंटी उघडली तर जाळीच्या कडेला तपकिरी पिठाची बारीक रेघ. तीच असेल की आणखी काही, देव जाणे. गेल्या महिन्यातल्या दुखण्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

काकूंना काय बोलणार? वर वाटीभर भाजणीही देऊन गेल्यात, "तुला आवडते म्हणून."